जहाज कुणाचं, हे कुणी विचारत नाही

क्रूझला जावं की जाऊ नये, यावर आमच्या वडोदऱ्याच्या मराठी घरांत सध्या जे वाद झडतात ते ऐकून करमणूक होते, हाती मात्र काही लागत नाही. ज्येष्ठ नागरिकांची वार्षिक सहल असो, कुणाची पंचाहत्तरी असो की दिवाळीच्या सुट्टीतला बेत, सिंगापूरहून नाहीतर मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाचं नाव निघालं की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हा कसला प्रवास, हा तर पाण्यावरचा मॉल. खा, प्या, नाचा आणि परत या. दुसरा म्हणतो, जन्मभर रिफायनरीत, रेल्वेत नाहीतर युनिव्हर्सिटीत नोकरी केली, पोरं मार्गी लावली, आता चार दिवस बसल्या जागी चहा मिळतोय तर तुमच्या पोटात का दुखतं? पहिल्यांचा सूर नीतीचा, दुसऱ्यांचा हिशेबाचा. बोलतात मात्र दोघेही फक्त प्रवाशाबद्दल: त्याने काय खाल्लं, काय पाहिलं, किती उडवले, त्याला हे शोभतं का. ज्यावर तो चढणार ते जहाज कुठल्या देशाच्या कायद्याखाली चालतं, त्यावर राबतं कोण, त्याची घाण जाते कुठे आणि म्हातारं झाल्यावर ते मोडीत निघतं कुठे, हा विषयच निघत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. क्रूझला खुशाल जावं. मात्र आजचं मोठं क्रूझ जहाज हे एक गाव आहे, आणि गावाला जे प्रश्न विचारायचे ते त्याला विचारायलाच हवेत. ते विचारायचा हक्क आपल्याला जरा जास्तच आहे, कारण त्या गावात राबणाऱ्यांत आपली माणसं आहेत आणि त्या गावाचे सांगाडे आपल्याच किनाऱ्यावर येऊन पडतात.

गाव म्हणतो ते उगाच नाही. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीला निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ घ्या. लांबी ३६५ मीटर, मजले वीस, प्रवासी जास्तीत जास्त ७,६०० आणि त्यांच्या दिमतीला २,३५० कर्मचारी. म्हणजे जहाज भरलं की दहा हजारांची वस्ती झाली. ‘टायटॅनिक’ची नोंद ४६,३२८ टनांची होती, याची २,४८,६६३ टनांची, हे टन वजनाचे नव्हेत, आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे, पण तुलनेला पुरे. या गावाला स्वतःचं वीजघर आहे. पाणीपुरवठा आहे, समुद्राचंच पाणी उकळून किंवा पडद्यातून दाबून गोड करतात. मैलाशुद्धीकरण आहे, कचरा जाळायची भट्टी आहे, दवाखाना आहे, एखाद-दुसरी कोठडी आहे आणि मोठ्या जहाजांवर शवागारही आहे. नाही ती एकच गोष्ट: ज्याला जाब विचारता येईल असा नगरसेवक.

पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथे काय दिसतं? विमानतळासारखी तपासणी, आणि त्यात आपल्याकडच्या बॅगांतून हटकून निघणाऱ्या दोन वस्तू बाजूला काढल्या जातात: इस्त्री आणि चहाची विजेची किटली. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, त्यामुळे तिथे हुज्जत घालून उपयोग नसतो. मग हातात एक कार्ड येतं. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. रोकड जवळजवळ कुठेच चालत नाही, आणि खर्चाचा आकडा डोळ्यांसमोर नसल्यामुळे हात सैल सुटतो, तो सुटावा म्हणूनच ही सोय. आतली, बिनखिडकीची खोली दीडशे चौरस फुटांच्या आसपास असते. दिवा मालवला की सकाळ आहे की मध्यरात्र, कळत नाही. मुख्य भोजनगृह आणि बुफे तिकिटात धरलेले असतात. दारू, इंटरनेट, खास उपाहारगृहं, किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर बक्षिशी म्हणून माणशी रोज पंधरा-वीस डॉलर आपोआप बिलात चढतात. मोबाईल विमान मोडवर टाकला नाही तर जहाजाचं महागडं नेटवर्क तो आपणहून पकडतो आणि घरी आल्यावर बिल पाहून घाम फुटतो. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की कॅसिनो आणि करमुक्त दुकानं उघडतात. बंदरात सात-आठ तास मिळतात आणि सांगितलेल्या वेळेला परतला नाहीत तर जहाज थांबत नाही. कंपनीच्याच सहलीत असाल तर थांबतं, हीही विक्रीचीच युक्ती. ज्या ज्या देशाच्या बंदरात जहाज लागणार त्याच्या व्हिसाचे नियम आधी बघून घ्यावे लागतात, नाहीतर गाडी मुंबईतच अडते.

आता ‘हा प्रवासच नव्हे’ या आक्षेपाकडे येऊ. त्यात तथ्य आहे, आणि ते मी पुरतं मान्य करतो. सात तासांत कुठलंही शहर समजत नाही. जहाज जितकं मोठं तितका समुद्र लांब; पंधराव्या मजल्यावरून लाटेचा आवाजसुद्धा येत नाही, आणि जहाजाच्या कुशीतून पाण्याखाली पसरलेले पंख त्याचं डोलणंही बरंचसं गिळून टाकतात. पण हा आक्षेप घेणारे स्वतः कसा प्रवास करतात? पहाटे पाचला ‘बॅगा दाराबाहेर काढा’ची हाक, दहा दिवसांत सात हॉटेलं, बसमधून उतरायचं, फोटो काढायचा, स्वच्छतागृहाची रांग आणि पुन्हा बस. चारधामाचं काय वेगळं असतं? गुडघे गेलेल्या माणसाला, व्हीलचेअरवरच्या बाईला, डायलिसिस नाही पण दिवसातून तीनदा आडवं व्हावं लागतं अशा ज्येष्ठांना एकदाच बॅग उघडून चार गावं बघता येतात, ही सोय क्षुल्लक नाही. आणि घरातल्या बाईबद्दल बोलायचं तर ज्या मावशीने पन्नास वर्षं उठल्याबरोबर ओट्याला हात लावला, तिला चार दिवस ‘उद्या काय करायचं’ हा प्रश्न पडत नाही. तिच्या त्या चार दिवसांना मॉल म्हणून नाक मुरडणाऱ्याने आधी घरात एक आठवडा दोन्ही वेळचा स्वयंपाक करून दाखवावा, मग प्रवासाच्या शुद्धतेवर बोलावं.

शुद्धता हा शब्द आला तेव्हा थोडं मागे जाऊ, कारण हा वाद आपण आधी एकदा घातलेला आहे, आणि तेव्हाही तो असाच वाकडा घातला होता. बौधायन धर्मसूत्राने समुद्रसंयान, म्हणजे समुद्रप्रवास, पातकांत बसवलं, पुढे समुद्रयात्रा कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या गोष्टींत, गेली, आणि एकोणिसाव्या शतकात विलायतेला जाऊन आलेल्याने प्रायश्चित्त घ्यावं की नाही यावर घरंच्या घरं दुभंगली. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांना बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत उभं राहून आपण का जातो हे समजावून सांगावं लागलं. आमचे सयाजीराव महाराज १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले, पुढे जातच राहिले, इतके की १९०० साली व्हाइसरॉय कर्झनने संस्थानिकांच्या परदेशगमनावर परवानगीचं परिपत्रक काढलं तेव्हा ते त्यांना चांगलंच झोंबलं. १९०२ मध्ये जयपूरचे महाराज माधोसिंह सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला लंडनला गेले ते चांदीच्या प्रचंड कलशांतून गंगाजल घेऊन. ते कलश आजही जयपूरच्या राजवाड्यात ठेवलेले आहेत. त्या सगळ्या वादात प्रश्न काय होते? पाणी कुठलं, स्वयंपाकी कुठल्या जातीचा, ताट कुणी वाढलं. आज ‘जैन जेवण वेगळ्या भांड्यात करतात ना?’ असं एजंटला विचारणारे आपण त्याच घराण्यातले. जेवणाबद्दल विचारू नये असं मी म्हणत नाही, ज्याचा नेम त्याला प्यारा. पण बोटीच्या तळाशी भट्टीत कोळसा ओढणारे खलाशी आपल्याच देशाचे होते, त्याच बोटीवरच्या गोऱ्या खलाशाच्या मानाने त्यांना फुटकळ पगार मिळत होता, आणि धर्मशास्त्राच्या एकाही बाजूला त्यांच्याबद्दल एक ओळ लिहावीशी वाटली नाही, ही गोष्ट मला आज जास्त खुपते. सुधारक जिंकले, सनातनी हरले. खलाशी होते तिथेच राहिले.

ते आजही तिथे आहेत. फेब्रुवारी २०२० आठवा. योकोहामाच्या बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ करोनामुळे अडवून ठेवलं होतं, ३,७११ माणसांसह. त्यांपैकी सातशेहून अधिक लोकांना लागण झाली. त्या जहाजावर १३८ भारतीय होते: १३२ कर्मचारी आणि सहा प्रवासी. प्रवाशांना खोल्यांत बंद केलं होतं, आणि त्यांच्या दारापर्यंत जेवणाची ताटं पोचवायला कर्मचारी फिरत होते. रात्री तेच कर्मचारी दोघा-दोघांच्या खोल्यांत झोपत होते, एकत्र जेवत होते. विलगीकरण कुणाचं झालं आणि कुणाच्या जिवावर झालं, हे त्या १३२ आणि सहा या आकड्यांत आहे. गेल्या काही वर्षांत सहाचा आकडा भराभर वाढतो आहे, चांगली गोष्ट आहे. आपण आता दाराच्या दोन्ही बाजूंना आहोत.

दार म्हणजे खरोखरचं दार. जहाजावर राहिलेल्या कुणीही जरा नजर ठेवली तर त्याला ते दिसतं. आमच्या मजल्यावर ते जिन्याजवळ होतं. आमच्या बाजूने त्यावर लाकडासारखा मुलामा, पितळी मूठ, भिंतीच्या नक्षीत असं बेमालूम बसवलेलं की हात लागेपर्यंत दार वाटू नये. कुणी ट्रॉली घेऊन बाहेर आलं की क्षणभर पलीकडचं दिसायचं: पांढऱ्या रंगाचं उघडं लोखंड, छतावरून गेलेले पाइप, पांढऱ्या ट्यूबलाइटचा उजेड, पाट्यांवर चिकटवलेली कामाची वेळापत्रकं. मग दार मिटायचं आणि गालिचा पुन्हा सुरू. आमच्या खोलीची झाडलोट करणारा मुलगा सावंतवाडीकडचा निघाला. आमचं मराठी ऐकून चेहरा उजळला, पण दोन वाक्यांनंतर म्हणाला, “काका, नंतर बोलतो, अजून बऱ्याच खोल्या आहेत.” ते नंतर काही आलं नाही.

इथे क्रूझच्या बाजूचे लोक जे म्हणतात ते त्यांच्या भात्यातलं सर्वांत चांगलं अस्त्र आहे, म्हणून ते नीट मांडतो. ते म्हणतात, या पोरांना कुणी पकडून नेलेलं नाही. रांगा लावून, प्रशिक्षणाचे पैसे भरून ती जातात. घरी मिळाला असता त्याच्या कितीतरी पट पगार मिळतो. राहणं-जेवण फुकट, म्हणून शिल्लक पडते. गोव्यात आणि तळकोकणात कितीतरी घरांच्या स्लॅब त्या पैशावर पडल्या. आणि कायदा नाही असंही नाही; २००६ चा सागरी कामगार करार २०१३ मध्ये अमलात आला आणि २०१५ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. हे सगळं खरं आहे. याला गिरमिटाची, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या करारबद्ध मजुरीची, उपमा देणारे लोक भेटतात, ती उपमा चुकीची आहे. आपल्या पायांनी गेलेल्या, करार संपल्यावर घरी येणाऱ्या आणि पुढचं जहाज निवडणाऱ्या माणसाला गिरमिटिया म्हणणं हा त्याचाही अपमान आणि गिरमिटियांचाही. पण मग त्या करारात काय लिहिलं आहे तेही वाचा. कामाच्या तासांसाठी त्यात दोन पर्याय ठेवलेत. एकात आठवड्याला जास्तीत जास्त ७२ तास काम. दुसऱ्यात आठवड्याला कमीत कमी ७७ तास विश्रांती. आठवड्यात १६८ तास असतात. वजाबाकी केली की दुसऱ्या पर्यायात काम ९१ तासांपर्यंत जाऊ शकतं, रोजचे तेरा, सुट्टीचा वार न धरता, महिनोन् महिने. हे कायद्यात बसतं, म्हणून ते बरोबर ठरतं का? गिरणीतली माणसंही आपल्या पायांनीच मुंबईला गेली होती. ‘तो स्वतःहून आला आणि तक्रार करत नाही’ हे वाक्य मालकाच्या तोंडी कायमच होतं, आणि प्रत्येक वेळी तास कमी झाले ते कुणीतरी तक्रार केल्यावरच. १९३९ च्या शरदात, युद्धाला तोंड लागलेलं असताना, ब्रिटिश बंदरांत भारतीय खलाशांनी बोटींवर चढायला नकार दिला, काही जण तुरुंगात गेले, आणि पगार वाढले. तोपर्यंत तेही ‘खूश’च होते.

प्रवाशाने यात काय करायचं, असं विचारलं जातं. तिकीट काढणाऱ्याच्या हातात काय आहे? समुद्रावरच्या अन्यायांचा इतिहास सांगतो, की किनाऱ्यावरच्या माणसांनी आरडाओरड केल्यावरच बरंचसं बदललं. विमा उतरवलेली कुजकी जहाजं क्षमतेबाहेर भरून समुद्रात ढकलायची आणि बुडाली तर पैसे घ्यायचे, हा इंग्लंडमधला धंदा मोडण्यासाठी सॅम्युअल प्लिमसॉल नावाचा खासदार तिथल्या संसदेत अक्षरशः ओरडला. तो खलाशी नव्हता, कोळशाचा व्यापारी होता. १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाररेषा आखणं भाग पडलं आणि ती वर्तुळाची खूण आजही मालवाहू जहाजांच्या कुशीवर दिसते. ‘टायटॅनिक’वर सुमारे २,२०० माणसं होती आणि जीवरक्षक होड्यांत जागा १,१७८ जणांना; तेव्हाच्या नियमांना तेवढ्याही पुरेशा होत्या! १९१४ चा समुद्रसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार त्यानंतर आला. आणि ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’? १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ते खडकावर आपटलं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची आणीबाणीची कवायत झालेलीच नव्हती, दुसऱ्या दिवशी करू म्हणून ठेवली होती. तसं चालत असे. बत्तीस माणसं गेली. सगळ्यात शेवटी, २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये, ज्याचा मृतदेह सापडला तो मुंबईकडचा वेटर होता. २०१५ पासून सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत बंधनकारक झाली. म्हणून चढल्याबरोबर ती शिट्टी वाजते तेव्हा ‘हे काय लहान मुलांसारखं’ म्हणत बुफेकडे पळणारे आपले लोक बघितले की संताप येतो. ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर बुडून सहाशेवर माणसं गेली. ज्यांच्या आजोळच्या घरांत ती आठवण अजून निघते त्यांनी तरी जीवरक्षक जाकीट कसं बांधायचं ते पाहायला दहा मिनिटं उभं राहावं.

कायद्याचा मामला याहून गुंतागुंतीचा, पण तिकीट काढण्याआधी समजून घ्यावा असा. मोठ्या कंपन्यांची कार्यालयं मायामीत, नोंदणी पनामात किंवा लायबेरियात, जहाजावर झेंडा बहामा, बर्म्युडा, माल्टा किंवा पनामाचा. आपण चढतो ते त्या झेंड्याच्या देशात, तिथला एकही माणूस जहाजावर नसला तरी. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. वॉशिंग्टन राज्यातली एक बाई जहाजाचं स्वयंपाकघर दाखवण्याच्या फेरीत चटईवरून घसरून पडली, भरपाईसाठी आपल्या गावाजवळ दावा लावला. न्यायालय म्हणालं, तिकिटावर बारीक अक्षरांत दावे फ्लोरिडात चालतील असं छापलंय, तेव्हा तिकडे जा. ती फ्लोरिडापासून देशाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. आपण तर पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला राहतो. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करायची सोय आहे, पण ती उपयोगी पडायची तर तिकीट इथल्या एजंटच्या पक्क्या बिलावर घेतलेलं हवं आणि काय काय धरलंय ते लेखी हवं. तोंडी ‘सगळं इन्क्लूड छे’ला कुठलाच आयोग विचारत नाही. प्रवास विम्याचंही तेच: जहाजावरचा दवाखाना खासगी दरांनी चालतो, हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर न्यायची वेळ आली तर खर्च घर विकायला लावेल इतका असतो, आणि साठीच्या पुढच्यांना आधीचे आजार वगळलेली पॉलिसी देऊन बोळवण केली जाते.

कुणी म्हणेल, गाव गाव काय लावलंय, हे शेवटी हॉटेल आहे. पैसे द्या, खोली घ्या. पण खोली कुणाला मिळते हा कुठल्याही गावाचा पहिला प्रश्न असतो, आणि वडोदऱ्याच्या माणसाने तरी तो हलका मानू नये. १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर बोटीने अमेरिकेला गेले. समुद्राने त्यांना अडवलं नाही, न्यूयॉर्कने अडवलं नाही. १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी परतले तेव्हा याच शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमात नाव लपवून राहावं लागलं, तिथून लाठ्या घेऊन आलेल्यांनी हुसकलं, आणि ते कामाठीबागेत जाऊन बसले. मोठ्या जहाजांवर आज जात विचारत नाहीत, पैसा विचारतात. जहाजातच दुसरं जहाज असतं: वेगळी लिफ्ट, वेगळा तलाव, वेगळं भोजनगृह, आणि तिथे जायला वेगळ्या रंगाचं कार्ड. ‘टायटॅनिक’च्या तीन वर्गांना आपण नावं ठेवतो आणि तेच वर्ग नव्या कागदात गुंडाळून विकत घेतो.

पर्यावरणाचा आक्षेप मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण तो सगळ्यात बळकट आहे आणि त्यावर माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. क्रूझ ही प्रवासाची काटकसरी रीत नव्हेच; माणसांसोबत तलाव, नाट्यगृह आणि बर्फाचा रिंकही वाहून न्यायचा तर इंधन जळणारच. सिंगापूरचं जहाज धरायचं तर आधी विमानही आलं. २०२० पासून जहाजाच्या इंधनातलं गंधक साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणलं गेलं, ही खरी सुधारणा. बरीच नवी जहाजं द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात, काजळी जवळजवळ संपते. पण न जळलेला मिथेन निसटतो आणि तो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कैक पट आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडे, चालत्या जहाजातून, प्रक्रिया न केलेला मैलाही टप्प्याटप्प्याने सोडता येतो. आमच्या विश्वामित्री नदीत नाल्यांचं पाणी सोडलं म्हणून पालिकेवर तुटून पडणारे आपण, आपला मैला कुठे जातो हे बाल्कनीत बसून विचारत नाही. नियम मोडणारेही आहेत: २०१६ मध्ये ‘प्रिन्सेस’ कंपनीने चोरट्या पाइपने तेलकट पाणी समुद्रात सोडल्याबद्दल अमेरिकेत चार कोटी डॉलर दंड कबूल केला. ते उघडकीला आणलं जहाजावरच्याच एका नव्या, तरुण इंजिनिअरने. तेव्हा ‘मग जाऊच नका’ म्हणणाऱ्यांना माझा एवढाच सवाल आहे: हाच काटा विमानाला, लग्नाला पाचशे माणसं नेणाऱ्यांना, महिन्याला गोव्याला उडणाऱ्यांना लावणार का? लावणार असाल तर मी तुमच्यामागे उभा आहे. फक्त निवृत्त माणसाच्या चार दिवसांवर लावणार असाल तर नाही.

जुनी जहाजं जिथे तोडतात त्या भावनगरकडच्या अलंगबद्दल मात्र कुणीच बोलत नाही, आणि ते आमच्यापासून रस्त्याने अर्ध्या दिवसावर आहे. वडोदऱ्यातल्या कितीतरी घरांत अलंगची कपाटं, अलंगच्या खुर्च्या आहेत. हॉटेलवाले तिथून स्वयंपाकघरंच्या स्वयंपाकघरं उचलतात. अलंगच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दुकानं आहेत आणि त्यांत काय नसतं? कंपनीचं चिन्ह छापलेल्या बश्यांच्या उतरंडी, गाद्या, व्यायामाची यंत्रं, नारिंगी जाकिटं. खंभातच्या आखातात भरती प्रचंड चढते, तिच्यावर जहाज सरळ किनाऱ्यात घुसवायचं आणि ओहोटीत माणसांनी ते कापायचं, हा धंदा इथे १९८३ पासून चालतो. ‘फ्रान्स’ नावाने १९६२ मध्ये अटलांटिकवर निघालेलं आणि पुढे ‘नॉर्वे’ नावाने क्रूझ झालेलं जहाज २००६ मध्ये ‘ब्लू लेडी’ म्हणून इथे आलं तेव्हा त्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००७ मध्ये परवानगी मिळाली आणि ते कापलं गेलं. २०१९ मध्ये मुंबईहून मोठ्या थाटात सुरू झालेलं ‘कर्णिका’ २०२० च्या नोव्हेंबरात अलंगच्या वाळूत होतं. उद्या आपण ज्याच्या डेकवर फोटो काढू तेही कधीतरी असंच कुठल्यातरी किनाऱ्यावर येणार. जहाजतोडणीचा हाँगकाँग करार जून २०२५ मध्ये अमलात आला, भारताने २०१९ मध्येच आपला कायदा केला, अलंगची अवस्था पूर्वीपेक्षा सुधारली आहे हे कबूल. पण जहाज विकत घेताना मिळालेली शान एकाने ठेवायची आणि त्यातलं विष दुसऱ्याच्या फुप्फुसात जायचं, ही वाटणी अजून तशीच आहे.

हे सगळं आत्ताच बोलायला हवं, कारण सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केलं आणि २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायचं ठरवलं. बंदरं बांधली जातील, करांत सवलती दिल्या जातील, भूमिपूजनं होतील. व्हेनिसने आधी सगळी जहाजं येऊ दिली, सेंट मार्कच्या चौकासमोरून बहुमजली भिंती सरकत गेल्या, २०१९ मध्ये एक जहाज धक्क्यावर आदळलं, आणि मग कुठे २०२१ च्या ऑगस्टपासून २५,००० टनांवरच्या जहाजांना शहरातून जाणाऱ्या जुदेका कालव्यात बंदी आली. आपल्याला तेवढं थांबायचं कारण नाही. जहाज धक्क्याला उभं असताना इंजिन बंद करून किनाऱ्याची वीज घ्यावी, भारतीय बंदरातून सुटणाऱ्या प्रत्येक जहाजावरच्या भारतीय कर्मचाऱ्याला ७२ तासांचाच पर्याय लागू व्हावा, इथे विकलेल्या तिकिटाचा दावा इथल्याच आयोगात चालावा, सवलतीच्या बदल्यात या अटी आजच घालता येतात. कंपन्यांना आपली बंदरं आणि आपली गिऱ्हाइकं हवी आहेत तोवर. आणि दांडिया बाजारातल्या ज्या मंडळाची पुढच्या हिवाळ्याची सहल ठरते आहे, त्यांच्या बैठकीत जैन थाळीच्या जोडीला एजंटला आणखी तीन गोष्टी विचारल्या जाव्यात: झेंडा कुठला, विम्यात काय वगळलंय, आणि बिलातली बक्षिशी खोली झाडणाऱ्या पोराच्या हातात पडते की कंपनी ती त्याच्या पगारात वळती करून घेते. तिसऱ्याचं उत्तर एजंटला बहुधा ठाऊक नसेल. त्याने ते कंपनीला लिहून विचारावं आणि लेखी उत्तर येईपर्यंत ॲडव्हान्स देऊ नये.